पाऊण तासाचा फरक

मंगळवार, ११ फेब्रुवारी. आगरदांडा. तुझी जियारत, तिसऱ्या दिवसाची.

हजर: अब्बा, पडवीत, भिंतीला टेकून. तुझी लेक सना, आत-बाहेर करत. तुझे मिस्टर, आदल्या दिवशी कुवेतहून पोचलेले, कोणी बसा म्हटलं की बसत होते आणि कोणी उठा म्हटलं की उठत होते. आतल्या खोलीत कुराण वाचणाऱ्या सतरा बायका. कॉलेजातून आम्ही सहा जण, त्यात केतकी मॅडम. आणि संध्याकाळच्या आपल्या संगणक वर्गातली नऊ मुलं. ती जेट्टीकडे तोंड करून रस्त्यावरच उभी होती, घरात यायचं की नाही हे न कळून. मी जाऊन त्यांना आत आणलं.

हे आधी लिहिते, कारण कुठल्याही कार्याहून मी आले की तू पहिल्यांदा कोण कोण आलेलं ते विचारायचीस. मी जेवणाबद्दल सांगायला लागले की म्हणायचीस, ते राहू दे, माणसं सांग. तर ही माणसं, नसीम. कोणी राहिलं असेल तर सना सांगेल.

निघताना मी अब्बांना सलाम केला. त्यांना आता नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, "बाय, नसीमचा हिशोब त्या लोकांनी मागं टाकला ना?"

मी म्हटलं, "बघते, अब्बा."

सव्वीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली मी. 'बघते' म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे.

म्हणून आज, रविवारी, तू गेल्याच्या आठव्या दिवशी, सगळं क्रमानं लिहायला बसले आहे. तुला यातलं बहुतेक माहीत आहे. पण एक गोष्ट मी तुला तोंडानं कधी सांगितली नाही, आणि ती क्रमात आली तरच मला लिहिता येईल.

गेल्या वर्षी कॉलेजनं संध्याकाळच्या संगणक वर्गात दोन जागा कर्मचाऱ्यांसाठी ठेवल्या. नोटीस मीच टाइप केली, मीच फळ्यावर लावली आणि विसरूनही गेले. दुपारी तू अर्ज घेऊन आलीस. एकाच अर्जावर दोन नावं. वर तुझं, खाली माझं.

मी म्हटलं, मला न विचारता? मी सत्तेचाळीस वर्षांची हेडक्लार्क, ती पोरं एकोणीस-वीसची.

"म्हणूनच टाकलंय, विजूबाय," तू म्हणालीस. "मी एकटी बसले तर पोरं मला पाणी आणायला सांगतील."

चौदा वर्षं तू त्या प्रयोगशाळेची अटेंडंट होतीस. यंत्रांवरची धूळ पुसलीस, प्लग काढलेस, लावलेस. मुलं गेल्यावर कुठलं यंत्र बंद करायचं राहिलंय ते तू दारातून नुसत्या आवाजावरून ओळखायचीस. पण त्यातल्या एकाही यंत्रासमोर तू कधी बसली नव्हतीस. पहिल्या दिवशी खुर्ची ओढायच्या आधी तू ती फडक्यानं पुसलीस. मग फडकं हातात धरून इकडेतिकडे बघितलंस आणि पर्समध्ये कोंबलंस. मी पाहिलं, पण काही बोलले नाही. त्या बाबतीत मी नीट वागले, एवढं माझ्या खात्यात असू दे.

वर्ग घेणाऱ्या केतकी मॅडमनी जोडीजोडीला काम दिलं तेव्हा आपण दोघी घाबरलो. त्या म्हणाल्या, परीक्षेपुरता खोटा प्रोजेक्ट करायचा नाही. एखाद्या ओपन सोर्स समूहात शिरायचं आणि तिथं खऱ्याच उपयोगाचं काहीतरी करून द्यायचं. म्हणजे असं की देशभरातली माणसं आपापल्या वेळात एखादा प्रोग्रॅम लिहितात, तो सगळ्यांना उघडा ठेवतात, आणि ज्याला त्यात सुधारणा सुचेल त्यानं ती करून पाठवायची. जुनी माणसं ती तपासतात. पटली तर मूळ प्रोग्रॅममध्ये घेतात, आणि ती कोणी केली ते नाव कायम तिथं राहतं.

माझं डोकं लगेच कारकुनी चालीनं चालायला लागलं. आदेश कोणाचा? प्रमुख कोण? चूक झाली तर जबाबदार कोण? केतकी मॅडमकडे उत्तरं होती, पण लांबलचक. तू मध्येच म्हणालीस, मशिदीच्या विहिरीसारखं असेल. ज्याला बादली बुडवता येते त्यानं बुडवायची, आणि दोर झिजला असेल तर बदलून जायचं. मला तेवढं पुरलं.

आपण निवडला तो 'भरतीवेळ'. आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत भरती कधी, ओहोटी कधी, हे मोबाइलवर सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. निवडला तूच. मी भातशेतीतली, रोह्याच्या आतल्या बाजूची. मला समुद्र म्हणजे बसच्या खिडकीतून दिसतो तेवढाच ठाऊक. तुझे अब्बा मात्र आगरदांडा-दिघी लाँचवर चाळीस वर्षं तांडेल होते, लाँच हाकायचे.

सुरुवात माझ्या हातून झाली, आणि याचा तुला थोडा राग आला होता. प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवून बघण्यासाठी अकरा पायऱ्यांची सूचना होती. वर्गातली हुशार मुलं ती न वाचताच पुढे जात होती. मी एकेक पायरी केली की तिच्यापुढे टिकमार्क करत होते. चौथ्या पायरीवर अडकले. तीन संध्याकाळी अडकले. मग लक्षात आलं, तिसरी आणि चौथी यांच्या मध्ये एक पायरी असायलाच हवी होती आणि ती कोणी लिहिलीच नव्हती. ज्यांना येत होतं ते ती न लिहिता करत होते, आणि ज्यांना येत नव्हतं ते निमूट परत जात होते.

हे समूहात विचारायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा. दोनशे अनोळखी माणसं, आणि मी विचारणार की मला जमत नाही! तीन ओळींचा प्रश्न मी दोन दिवस सुधारत होते. 'महोदय' लिहिलं, खोडलं, 'सविनय' लिहिलं, खोडलं. तू मागे उभी राहून बघत होतीस. शेवटी माझ्या खांद्यावरून हात घालून तूच एंटर दाबलास आणि म्हणालीस, "आता बस ओरडत." मी खरंच ओरडले. दहा मिनिटांत कुठल्याशा कॉलेजातल्या मुलाचं उत्तर आलं की होय, ती पायरी राहिलीच आहे, तुम्हीच लिहून पाठवा ना. मी पाठवली. दोन दिवसांत ती घेतली गेली. तिथं माझं नाव उमटलं. मी त्या पानाची प्रिंट काढली आणि फाईलला लावली. तू म्हणालीस, आता त्याला जावक क्रमांक पण दे.

आयुष्यभर लोक माझ्याकडे विचारायला आले. मी कोणाला विचारत नसे. मला ते तू शिकवलंस, एक बोट पुढे करून. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले ते आता मानते.

त्यानंतर तुझं मोठं काम. 'भरतीवेळ' चालायला नेट लागायचं. आणि खडकावर कालवं काढायला जाणाऱ्या बायकांच्या मोबाइलला रेंज नसते, असली तर रिचार्ज नसतो. त्यांना पाणी कधी फिरणार एवढंच हवं असतं. तुझ्या अम्मीचा पाय याच खडकात अडकलेला, पाणी वर येत असताना. तू ते एकदाच सांगितलंस, डबा खाताना, आणि मग भाजीत मीठ कमी आहे म्हणालीस.

तुझं म्हणणं, अब्बांना कुठं नेट लागायचं? ते बोटांवर हिशोब करून लाँच काढायचे. चांदची जी तारीख असेल तिच्यात एक मिळवायचा. बेरीज पंधराच्या वर गेली तर पंधरा वजा करायचे. मग त्याचं पाऊणपट. जेवढं येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पाच चांद असेल तर पाच आणि एक सहा, सहाचं पाऊणपट साडेचार. साडेचारला पाणी भरलेलं. थोडंफार मागेपुढे, पण खडकावरच्या बाईला जीव घेऊन परत यायला पुरेसं. हे प्रोग्रॅममध्ये घालायचं, की नेट नसलं तरी अंदाज मिळेल.

तू ते लिहिलंस. केतकी मॅडमनी मदत केली, पण लिहिलंस तू. दोन बोटांनी. एकवीस ओळी.

तपासायचं काम माझं. मी बंदराच्या छापील तक्त्यातल्या चौदा दिवसांच्या भरतीच्या वेळा उतरवल्या. शेजारी तू प्रत्येक दिवसाची तारीख लिहून दिली होतीस, चांदची. आणि इथं मी ती गोष्ट केली. तुझ्या तारखा मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून बघितल्या. तू जिथं चार लिहिलेलं तिथं दिनदर्शिकेत पंचमी. जिथं सात, तिथं अष्टमी. मला वाटलं, तू घाईत एकानं चुकलीस. मी सगळ्या चौदा तारखा लाल पेननं दुरुस्त केल्या. तुला विचारलं नाही. ऑफिसात मी कोणाच्या तक्त्यातली चूक दुरुस्त करताना विचारत नाही.

प्रोग्रॅम चालवला तर चौदाच्या चौदा उत्तरं साधारण पाऊण तास उशिराची.

आणि मी समूहाच्या पानावर, तुझ्या कामाखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'नसीम यांचा हिशोब पाऊण तासाने चुकत आहे. दुरुस्त करून पुन्हा सादर करू.'

दुसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलापुढे उभी. ऑफिसात सगळे होते म्हणून तू मला मॅडम म्हणालीस. "मॅडम, अब्बांनी चाळीस वर्षांत एकदा पण लाँच चिखलात रुतवली न्हाय. पाऊण तास चुकले असते तर अर्धं दिघी बुडवलं असतं त्यांनी."

मी म्हटलं, आकडे समोर आहेत. तू म्हणालीस, आकडे तुम्ही लिहिलेत, पाणी अब्बांनी बघितलंय. मी म्हटलं, भावनेनं प्रोग्रॅम चालत नाही. हे वाक्य मी केतकी मॅडमकडून उचललेलं होतं आणि बोलताना मला फार बरं वाटलं होतं.

शनिवारी अर्धा दिवस होता. तू मला ओढतच आगरदांड्याला घेऊन गेलीस. अब्बा जेट्टीजवळच्या बाकावर बसले होते, पाण्याचा वास घेत. तू त्यांच्यापुढे मला उभं केलंस आणि म्हणालीस, हिला सांगा.

अब्बांनी मला विचारलं, "आज काय हाय?"

मी म्हटलं, "षष्ठी."

"ती तुमची. आमची पाच चांद." ते हसले. "आमचा चांद डोळ्यांना दिसल्यावर मोजायला सुरू होतो, बाय. तुमची तिथी त्याच्या आधी सुरू होते. म्हणून आम्ही एक मिळवतो. तू काय षष्ठीत पण एक मिळवलास?"

मी मिळवला होता. म्हणजे तुझ्या प्रोग्रॅमनं मिळवला होता, मी त्याला आधीच एकानं पुढची तारीख दिली होती म्हणून. एका तारखेचं पाऊणपट, पाऊण तास. चूक तुझ्या एकवीस ओळींत नव्हती, माझ्या लाल पेनात होती.

तू टाळ्या वाजवून हसलीस. जेट्टीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. तू मला एकदाही चिडवलं नाहीस त्या दिवशी, उलट घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलंस. अब्बा म्हणाले, दोघींचं बरोबर होतं, फक्त दोन्ही एकदम वापरलंत. तुम्ही सगळे इतके खूश होतात की मला माझी चूक फार छोटी वाटली.

सोमवारी मी तपासणीची यादी बदलली. तुझ्या तारखा परत घातल्या. सगळी चौदा उत्तरं तक्त्याच्या जवळपास आली. आणि समूहाच्या पानावर मी लिहिलं: 'यादी अद्ययावत केली आहे.'

नसीम, तुला माहीत आहे हे वाक्य मी ऑफिसात कधी वापरते. कोणाची चूक झाली हे सांगायचं नसतं तेव्हा. विशेषतः माझी.

ऑफिसात ते खपतं. वर नवी चिठ्ठी चिकटवली की खालचं कोणी बघत नाही. पण त्या पानावर काहीच झाकलं जात नाही, तीच तर तिथली रीत. 'नसीम यांचा हिशोब चुकत आहे' हे वाक्य तिथंच राहिलं, माझ्या नावानं. तपासणारा प्रणव, बंगळूरचा, तुझ्या सनापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. त्यानं साधा प्रश्न विचारला की मूळ हिशोबात काय चुकलं होतं? ते कळल्याशिवाय नियमावर भरवसा कसा ठेवायचा?

प्रश्न मला होता. मी उत्तर दिलं नाही. परीक्षेच्या अर्जांचे दिवस होते हे खरं. पण त्याच दिवसांत मी पाच परिपत्रकं काढली, हेही खरं.

तू दोनदा आठवण केलीस. पहिल्यांदा म्हणालीस, तो पोरगा काहीतरी विचारतोय, बघ. दुसऱ्यांदा म्हणालीस, विजूबाय, त्याला सांगून टाक ना. मी दोन्ही वेळा म्हटलं, किरकोळ आहे, नंतर बघू.

मग सहीचा विषय निघाला. त्या समूहाचा नियम असा की काम घेण्याआधी, करणाऱ्यानं त्याखाली आपल्या नावानं एक ओळ लिहायची: हे काम माझं आहे आणि मी ते सर्वांसाठी खुलं करते. एकाची ओळ दुसऱ्यानं लिहायची नाही. मी माझ्या यादीखाली ताबडतोब लिहिली. तू लिहीना. तू म्हणालीस, हिशोब अब्बांचा, सही त्यांची हवी. केतकी मॅडमनी समजावलं की अब्बांचे आभार वेगळे लिहिता येतील. तू म्हणालीस, आभार पाहुण्यांचे मानतात. प्रणवनं पण समजावलं. तू ऐकलं नाहीस. सगळ्यांना वाटलं, बाई हट्टी आहे.

मला तसं वाटलं नव्हतं. हे आज लिहायचं आहे. अब्बांचं नाव तुला हवं होतं, ते खरंच होतं. पण ज्या कामाच्या डोक्यावर 'चुकत आहे' असं लिहून ठेवलंय आणि जिनं लिहिलं ती पुसत नाही, त्या कामाखाली तू आपलं नाव का घालावंस? हे मला तेव्हाच कळलं होतं. तू बोलली नाहीस, कारण तुला वाटत असेल की हे मीच बोलायला हवं. आणि तू बोलत नाहीस म्हणून मी धरून चालले की तुझी तक्रार नाही.

आपलं शेवटचं बोलणं ८ तारखेच्या शनिवारचं, दुपारचं. प्रयोगशाळा बंद करून तू चावी द्यायला आलीस. मी मान वर न करता म्हटलं, "नसीम, एक ओळ लिहायला किती दिवस लावतेस? तुझ्यापायी माझंही अडकलंय."

तू म्हणालीस, "तुझं अडकलंय होय."

चावी नेहमी माझ्या हातात द्यायचीस. त्या दिवशी टेबलावर ठेवलीस. मी मान वर केली तेव्हा तू दारात होतीस, आणि तुझ्या मागे मुलं फी भरायच्या रांगेत उभी होती, म्हणून मी हाक मारली नाही. सोमवारी बोलू असं म्हणून त्या दिवसाच्या कामांवर रेघ मारली. रविवारी सकाळी सनाचा फोन आला, तू झोपेतून उठलीच नाहीस म्हणून.

मी कामाची बाई. रडायला मला वेळ लागतो, आधी कामं सुचतात. रविवारी मी बायकांसाठी सतरंज्या पाठवल्या, कॉलेजच्या ग्रुपवर कळवलं, तुझ्या मिस्टरांच्या विमानाची वेळ लिहून घेतली. मातीला बायका जात नाहीत, म्हणून तुला नेल्यावर मी तुमच्या मोरीतली भांडी घासली. त्यात तुझा जेवणाचा डबा होता, शनिवारचा. झाकण घट्ट बसलेलं. ते उघडायला तू मला नेहमी द्यायचीस, तुझ्या मनगटात जोर नव्हता. मी उघडलं आणि तिथं, मोरीत, बसकण मारली. सनानं येऊन मला उठवलं. तिला आई गेल्याच्या दिवशी मला उठवावं लागलं, याची लाज वाटते.

जियारतीच्या दिवशी सना मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिनं तुझा मोबाइल दाखवला. 'भरतीवेळ'चं ते पान उघडंच होतं. ती म्हणाली, "अम्मी रोज बघायची, विजूमावशी. चहा ठेवला की आधी ते. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणायची, एक उत्तर यायचंय."

मग तिनं अब्बांचं सांगितलं. काम अडकलंय हे त्यांना कळल्यापासून ते म्हणतात, खाडीत गाळ भरला, नवी जेट्टी झाली, पाणी बदललं असेल. माझा हिशोब जुना झाला. पोरीनं माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून तिचं काम मागं पडलं. तू त्यांना सांगायचीस, तसं न्हाय अब्बा. पण का तसं नाही, ते सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर माझं नाव सांगावं लागलं असतं. तू माझं नाव घेतलं नाहीस.

चाळीस वर्षं ज्या पाण्यावर विसंबून त्यांनी हजारो माणसं पलीकडे नेली, त्या पाण्याबद्दल त्या माणसाच्या मनात ऐंशीव्या वर्षी शंका आली. मुलगी गेली त्या आठवड्यात त्यांच्याकडे ही शंका शिल्लक आहे. आणि ती माझ्या एका ओळीनं आली आहे.

काल मी समूहाच्या पानावर लिहिलं. इथंही उतरवते, तू वाचली नाहीस म्हणून. 'नसीम यांचा हिशोब कधीच चुकला नव्हता. चांदच्या तारखा काढून तिथं तिथी मी घातल्या, त्यांना न विचारता. चूक माझी होती. ती कळल्यावर मी यादी गुपचूप बदलली आणि इथं सांगितलं नाही. नसीम आता नाहीत.' दोनशे अनोळखी माणसांसमोर हे कबूल करायला चार मिनिटं लागली. पंधरा दिवस मी त्या चार मिनिटांना घाबरत होते.

कितीतरी जणांनी तुझ्याबद्दल लिहिलं. माझ्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारा मुलगा पण होता त्यात. केतकी मॅडमनी तू खुर्ची पुसल्याचं लिहिलं. म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं तर. प्रणवनं माफी मागितली, त्याची काही चूक नसताना. मग त्यानं कामाचं लिहिलं, आणि ते मला बरं वाटलं. नसीम यांच्या जागी कोणी दुसरं ती ओळ लिहू शकत नाही, तो म्हणाला. पण हिशोब ज्यांचा आहे ते हयात असतील आणि त्यांनी स्वतः संमती दिली, तर एकवीस ओळी नसीम यांच्या नावावर घेऊ आणि खाली संमतीची ओळ त्यांच्या वडिलांची राहील. तू जे मागत होतीस तेच, थोडं पुढेमागे.

मग मी यादी केली. तुझ्या कपाटातल्या वस्तू सनाला पोचवणे: झालं. प्रयोगशाळेची चावी नवीन माणसाला न देता तूर्त माझ्याकडे ठेवणे: झालं. समूहाला कळवणे: झालं. अब्बांच्या संमतीचा मजकूर मोठ्या अक्षरांत टाइप करणे: झालं, दोन प्रती, सना वाचून दाखवेल.

आज दुपारी तो कागद घेऊन मी आगरदांड्याला गेले. अब्बा पडवीत होते. मी तासभर बसले. त्यांनी मला दिघीच्या जुन्या धक्क्याबद्दल सांगितलं, तू लहानपणी लाँचच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बसायचा हट्ट करायचीस ते सांगितलं. सनानं चहा दिला. कागद माझ्या पर्समध्ये होता. संमती मागायची तर आधी सांगावं लागेल की तुमचा हिशोब बरोबर होता, तुमच्या लेकीचा बरोबर होता, आणि तो इतके दिवस मी अडवून धरला होता. ती रोज चहा ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मी दिलं नाही.

पाच वाजले तेव्हा मी उठले. अब्बा म्हणाले, "परत ये, बाय." मी हो म्हटलं.

कागद दोन्ही प्रतींसह परत आला आहे. अब्बांना सांगायचं राहिलं आहे.